कोंडापुढची कबुली

"दर्शना, मला एखादं बरंसं पाप सुचव बघू," डॉ. रिसबूड म्हणाले.

सकाळचे सात वाजले होते. तालुक्याच्या गावातल्या विश्रामगृहात ते आरशासमोर उभे राहून कुर्त्याची गुंडी लावत होते. शेजारच्या खोलीत परदेशातून आलेल्या मार्गिट बाई तयार होत होत्या, म्हणून सर आवाज दाबून बोलत होते.

"कसलं पाप, सर?"

"अगं, आजच्या कबुलीला! तुमच्या भेरसईच्या पाण्यात उभं राहून मी सांगू काय? फार मोठं नको आणि अगदी पोरकटही नको. माणूस प्रामाणिक आहे असं बाईंना वाटलं पाहिजे."

मी विचार केल्यासारखं केलं. "गेल्या मे महिन्यात आपल्या जीपचं ऑइल नदीकाठी सांडलं होतं. ते सांगा."

"वा! विषय पर्यावरणाचा आणि चूक ड्रायव्हरची." ते आरशातूनच माझ्याकडे बघून हसले. "तू नसतीस तर माझं कसं झालं असतं?"

मीही हसले. मी नसते तर त्यांचं फार छान झालं असतं, हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि सरांच्या पुण्याच्या संस्थेत प्रकल्प सहायक होते. उत्तरेकडच्या एका थंड देशाचं सरकार गरीब देशांतले प्राणी, झाडं, मासे वाचवण्यासाठी अनुदान देतं. आमच्या भेरसई गावच्या खडस माशांसाठी त्या सरकारने आधी पाच वर्षं पैसे दिले होते. आता आणखी पाच वर्षांचा दुसरा टप्पा मागितला होता, त्याची रक्कम पहिल्याच्या चौपट होती. द्यायचा की नाही हे ठरवण्यापूर्वी त्यांनी मार्गिट बाईंना पाहणीला पाठवलं होतं. त्यांच्या एका शब्दावर सरांची संस्था तरणार होती किंवा बुडणार होती.

आणि मला ती बुडवायची होती. माणसांनी सापाला उगीच बदनाम केलं आहे. डूख धरावा तर माणसानेच. मी आठ वर्षं धरला होता.

भेरसईच्या देवळाखाली नदी वळसा घेते, तिथे एक खोल डोह आहे. आम्ही त्याला कोंड म्हणतो. त्या कोंडात हातभर लांबीचे खडस आहेत, कोंडजाई देवीचे. ते कोणी धरत नाही, खात नाही. गावातली पाच घरं त्यांची राखण करतात आणि त्यांना घास घालतात. पहिला घास घालायचा मान आमच्या घराचा, शिगवणांचा. माझे बाबा, धाकू शिगवण, गुडघाभर पाण्यात उभे राहून दोन टाळ्या वाजवायचे आणि मासे त्यांच्या पोटऱ्यांना घासत गोळा व्हायचे. त्यांच्या घरात दुसरी श्रीमंती नव्हती.

त्या कबुलीच्या आठ वर्षं आधी, वैशाखात, पाणी पार आटलेलं असताना एकसष्ट खडस एका दुपारीत मेले. पांढरी पोटं वर करून कोंडभर पसरले होते. रिसबूड सर तेव्हा नुकतेच पाहणीला यायला लागले होते. गेळ्याची फळं ठेचून पाण्यात टाकली की मासे झिंगून वर येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. आमच्या पडवीत गेळ्याची फळं वाळत होती. बाबा ती ढोरांच्या औषधाला ठेवायचे. सरांनी ती चार माणसांदेखत उचलून दाखवली. नंतर अहवालात छापलं, 'स्थानिक रखवालदाराने विषप्रयोग केला, म्हणून या माशांना बाहेरच्या संरक्षणाची तातडीने गरज आहे.' त्या एका वाक्यावर पहिलं अनुदान मिळालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. हे मी ऐकीव सांगत नाही. मला ते कसं ठाऊक होतं तेही सांगेन, पण ओळीने सांगू द्या.

गावाने बाबांचा मान काढून घेतला. त्याच वर्षी ते लोट्याला एका कारखान्यात रखवालदारीला गेले आणि तीन वर्षांनी तिथल्याच खोलीत वारले. त्या तीन वर्षांत ते एकदाही कोंडावर गेले नाहीत. गावात त्यांना 'इख टाकणारा धाकू' म्हणत. मेल्यावरही म्हणत. मला ते नाव पुसायचं होतं, आणि पुसायला फडकं म्हणून रिसबूड सरच हवे होते.

जीपमध्ये सर पुढे बसले, मार्गिट बाई आणि मी मागे. बाई पन्नाशीच्या, उन्हाने लाल झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. मांडीवर आमचा अर्ज होता, त्यात पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या.

"ही कबुलीची प्रथा मला फार महत्त्वाची वाटली," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "समाजाने स्वतःला लावलेला इतका जुना नियम मी दुसरीकडे कुठे वाचला नाही. आणि प्रकल्पाची माणसंही त्यात उभी राहतात, हे विशेष."

"आम्ही स्वतःला गावापासून वेगळं मानतच नाही," सर मागे वळून म्हणाले.

अर्जातला तो भाग मी सुचवलेला होता. सरांना 'स्थानिक समाजाची स्वतःची नियमनव्यवस्था' या मथळ्याखाली दोन पानं भरायची होती आणि त्यांच्याकडे दोन ओळीही नव्हत्या. मी म्हटलं, सर, कबुलीचं लिहा. आपणही त्यात भाग घेतो असं लिहा. महिलांचा सहभाग मागतात ना, मग यंदापासून बायकाही उभ्या राहतील असं लिहा. सरांनी माझी पाठ थोपटली. त्यांनी आयुष्यात कबुली पाहिली नव्हती, मी सांगितली तेवढीच त्यांना माहीत होती. आणि मी सगळी सांगितली नव्हती.

"दर्शना याच गावची," सर बाईंना सांगू लागले. पाहुणा कोणीही असो, हे भाषण ठरलेलं. "तुम्ही अहवालात वाचलं असेल, ज्या रखवालदाराने विष टाकलं, त्याची ही मुलगी. पण बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलीला का? मी हिला शिकवलं, नोकरी दिली. आज ती माझी मुलगीच आहे."

मार्गिट बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"अहवालात तसंच लिहिलं आहे," मी म्हणाले.

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. सरांचा हाच एक दुबळेपणा मला आठ वर्षांत सापडला होता. ते पैशाला भुलत नसत, बाईला नाही, बाटलीला तर नाहीच. पण आपला मोठेपणा दाखवायची संधी आली की ती त्यांना सोडवत नसे. दुसऱ्याच्या मयतातसुद्धा ते स्वतःच्या दयाळूपणाची गोष्ट सांगत. मी जाळं विणलं ते त्याच मापाचं.

कोंडावर पोचलो तेव्हा पाचही घरची माणसं काठावर बसली होती. कार्तिक होता, नवं भात घरात आलेलं. पावसात पाणी गढूळ असतं, तेव्हा माशांना घास घालत नाहीत. नव्या भाताचा पहिला घास दुसऱ्या दिवशी सकाळी घालायचा, आणि त्याच्या आदल्या दिवशी कबुली. पाणी निवळलं तसा माणूस निवळल्याशिवाय कोंडात हात घालायचा नाही, असा नियम.

गावकर भागोजी मांडवकर काठी टेकून पुढे आले. ऐंशीच्या घरातले, एका डोळ्याने अधू.

"बाय, आलीस? तुज्या आयेला पन बोलीवलंय. ती बग तकडं बसलीय."

माझी आये बायकांच्या टोकाला, जरा लांब बसली होती. आठ वर्षांत ती कोंडाकडे पहिल्यांदाच आली होती. मी तिला येऊ नको म्हटलं होतं, पण तिने ऐकलं नाही.

"भागोजी आजोबा, पाहुण्या बाईंना नियम सांगा," मी म्हणाले. "मी इंग्रजीत सांगते."

"नेम काय, सोपं हाय. गुडघाभर पान्यात हुबं ऱ्हायाचं. वरीसभरात, न्हायतर त्याच्या मागं, पान्याचं जे वंगाळ केलं आसंल ते सांगायचं. आपलं सांगायचं. दुसऱ्याचं नाव पान्यात घ्यायाचं न्हाय. मंग मी इचारनार, झालं? काठावरल्या कुनाला ठावं आसंल का ह्यो समदं बोलला न्हाय, तर त्यानं म्हनायचं, राह्यलं. काय राह्यलं ते त्यानं सांगायचं न्हाय. ज्येचं त्यानं वळकायचं. आन 'राह्यलं' म्हननाऱ्यानं आदी सोताची कबुली देल्याली आसली पायजे."

"आणि जर नाहीच बोलला तर?" मार्गिट बाईंनी विचारलं.

"तर भायेर यायाचं. त्येच्या घराचा मान ग्येला."

मी भाषांतर केलं. 'राह्यलं'चा नियम सरांना त्या क्षणी पहिल्यांदा कळला. त्यांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं, मी निरागसपणे पाण्याकडे.

बाबांचा मान याच नियमाने गेला होता. मासे मेले त्या वर्षीच्या कबुलीला ते पाण्यात उभे राहिले, कोंडाच्या हद्दीच्या आत गवत कापलं एवढंच बोलले. आधी कबुली देऊन काठावर बसलेले चौघे ओरडले, राह्यलं. बाबा गप्प. भागोजींनी तीनदा विचारलं. बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खाली मान घालून पाण्यातून बाहेर आले आणि सरळ घरी गेले. त्यांनी का तोंड उघडलं नाही, हे मला कधी कळलं नाही. अभिमानी माणूस, खोट्या आरोपाला उत्तर कशाला द्या, असं त्यांना वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

कबुली सुरू झाली. भावाची कबुली झाल्यावर रामजी गोताड उतरला. "म्यां फवारनीचा पंप वढ्यात धुतला. दोनदा."

"झालं?"

"राह्यलं!" त्याचा सख्खा भाऊ ओरडला.

रामजीचा चेहरा पडला. "आन... हद्दीच्या आत खेकडं धरलं. पावनं आलं व्हतं."

"मी पंप तिसऱ्या डावाला धुतलास त्येला म्हनत व्हतो!" भाऊ म्हणाला. "ह्ये खेकड्याचं मला ठावंच नव्हतं!"

काठावर हशा पिकला. मार्गिट बाईसुद्धा हसल्या आणि वहीत भराभर लिहू लागल्या. काय राहिलं ते सांगायचं नाही यातली गंमत हीच. विचारलेल्यापेक्षा जास्त बाहेर येतं. सरांचा जीव भांड्यात पडला. हे तर सगळं खेळीमेळीचं चाललंय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी चपला काढून पायजमा वर दुमडायला घेतला.

चार घरं झाली. पाचवं आमचं, बदनाम म्हणून शेवटी. भागोजी म्हणाले, "शिगवनांच्या घरचं कोन?"

"मी," म्हणत मी पाण्यात उतरले.

पाणी गार होतं. पायाशी दोन खडस येऊन हुंगून गेले. मी आयेकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं असतं तर बोलणं जमलं नसतं.

"आठ वर्षांमागे वैशाखात एकसष्ट खडस मेले," मी मोठ्याने म्हणाले. "ते गेळ्याने मेले नाहीत. पाण्यात लवंगतेलाचं औषध ओतलं होतं, मासे गुंगवायचं. ते ओतणारा हात माझा होता. माझ्या बाबांचा नव्हता."

आता कळलं असेल मला कसं ठाऊक ते. एकोणिसाव्या वर्षी मी सरांच्या पाहणीत मदतनीस म्हणून लागले होते. मासे गुंगवून मोजायचे, मापायचे आणि परत सोडायचे. ते औषध टबात थेंबाथेंबाने घालायचं असतं, एकावेळी दोन-तीन माशांना. सरांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. "टबाबिबाचं राहू दे," ते म्हणाले, "कोंडाच्या तोंडाशी ओत सगळं, दहा मिनिटांत काम होईल." मी ओतलं. आटलेल्या पाण्यात ते पसरलं आणि मासे जे उलटे झाले ते सरळ झालेच नाहीत. मग सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा वन्यजीव कायदा आहे. तू बोललीस तर तू तुरुंगात जाशील. तुझ्या वडिलांना काय, फार तर गावचा दंड. गप्प राहा, तुझ्या शिक्षणाचं मी बघतो." मी मूग गिळून बसले. त्यांनी शब्द पाळला, माझं शिक्षण केलं. त्या शिक्षणाचा एकेक घास माझ्या घशात अडकला आहे.

काठावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"झालं?" भागोजींनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"झालं."

'राह्यलं' कोणी म्हणालं नाही. मी पाण्यातूनच मार्गिट बाईंना इंग्रजीत तेच, तेवढंच सांगितलं. सरांचं नाव मी मराठीत घेतलं नाही आणि इंग्रजीतही घेतलं नाही. नियम म्हणजे नियम. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि मान वळवून सरांकडे पाहिलं.

मी काठावर येऊन उभी राहिले. आता पाळी सरांची होती. अर्जात लिहिलं होतं, प्रकल्पाची माणसंही उभी राहतात. लिहिणारे तेच, सही त्यांची, वाचणारी बाई समोर बसलेली. पळायला वाट नव्हती.

ते उतरले. गोऱ्या पोटऱ्यांना पाणी लागलं तसे जरा शहारले. मला दिसत होतं, त्यांच्या डोक्यात चक्र फिरतंय. 'मला काही माहीत नव्हतं' म्हणावं, तर औषधाच्या बाटल्यांची नोंद त्यांच्याच सहीची. 'मुलगी खोटं बोलते' म्हणावं, तर आत्ताच जीपमध्ये तिला स्वतःची मुलगी म्हटलं होतं. मी तिसरी वाट उघडी ठेवली होती, त्यांच्या आवडीची.

"आमच्या जीपचं ऑइल नदीकाठी सांडलं, त्याबद्दल मी पाण्याची क्षमा मागतो," ते म्हणाले.

"झालं?"

"राह्यलं," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला, डोळे ओलावले. मी तो चेहरा शंभर कार्यक्रमांत पाहिला होता. वाट त्यांना सापडली होती.

"हो. राहिलं आहे," ते भरल्या गळ्याने म्हणाले. "त्या दिवशी ही पोर एकोणीस वर्षांची होती. घाबरलेली, अजाण. टबात घालायचं औषध तिने चुकून कोंडात ओतलं. मला ते त्याच वेळी कळलं होतं. पण एका गरीब मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त होईल म्हणून मी गप्प राहिलो. तिला सांभाळलं. हे पाप असेल तर ते मी केलं आहे." आणि बाईंना काही कळायचं राहू नये म्हणून त्यांनी स्वतःच ते सगळं सुरेख इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

'चुकून' हे खोटं होतं. ते मी त्यांना आनंदाने सोडून दिलं. मला हवं होतं ते दुसरंच, आणि ते त्यांनी दोन भाषांत दिलं होतं.

भागोजी काठी टेकत पाण्याच्या कडेला आले. "डाक्टर, म्हंजी धाकूनं गेळा टाकला नव्हता?"

सर बाईंकडे बघू लागले.

"इचारतोय मी. टाकला व्हता का नव्हता?"

"नव्हता," सर म्हणाले. काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

"आन तुमाला ठावं व्हतं."

मार्गिट बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून आठ वर्षांपूर्वीचा तो अहवाल काढला, पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला त्याच वेळी माहीत होतं, असं तुम्ही आत्ता म्हणालात. मग हे वाक्य कोणी लिहिलं? आमच्या सरकारने या वाक्यावर पैसे दिले आहेत."

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, मॅडम... संपूर्ण संदर्भ पाहिला तर..."

"राह्यलं," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. पाच वर्षं त्यांची पत्रं लिहिली, भाषणं लिहिली, चहात साखर किती हे लक्षात ठेवलं, त्या मुलीकडे ते पहिल्यांदाच नीट बघत होते. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?

"राह्यलं," मी पुन्हा म्हणाले. आता काही राहिलं नव्हतं. केवळ म्हणायची हौस म्हणून म्हणाले.

सर बाहेर यायला निघाले आणि शेवाळावर घसरून हातापायांवर पाण्यात पडले. काठावर चाळीस माणसं होती. एकानेही हात दिला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मार्गिट बाई त्या दिवशी बसने गेल्या, जीपमध्ये बसल्या नाहीत. दीड महिन्याने पत्र आलं. दुसरा टप्पा नामंजूर, पहिल्या टप्प्याची चौकशी. संस्थेने सरांना राजीनामा द्यायला लावला. माझी नोकरी तर गेलीच. गावातल्या दोघा राखणदारांना प्रकल्पातून मिळणारे पगार थांबले, ते माझ्याशी बरीच वर्षं बोलत नव्हते. पोलिसांत जबाब झाले, मलाही दंड झाला, तो मी भरला. सर हल्ली पुण्यात असतात, पण त्यांना कोणी सभेला बोलवत नाही असं ऐकते. अशा बातम्या मी अजून चवीने ऐकते.

कबुली संपल्यावर लोक येऊन माझ्याशी बोलले. कोणी डोळे पुसले, कोणी म्हणालं, धाकूवर अन्याव झाला. बाबांवर 'राह्यलं' ओरडलेल्या चौघांतला एक जण माझ्या पायाला हात लावायला वाकला, मी पाय मागे घेतला. आये मात्र कधीच उठून घरी गेली होती. मी घरी पोचले तेव्हा ती भात निवडत होती. दिवसभर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, मी औषध ओतल्याचं तिला आजच कळलं म्हणून रागावली असेल. राग उतरेल, बाबांचं नाव तर परत आलं, असं म्हणून मी शांत झोपले. आठ वर्षांत इतकी गाढ झोपले नव्हते.

सकाळी उजाडता उजाडता भागोजी स्वतः दारात आले. आत आले नाहीत, अंगणातच काठी टेकून उभे राहिले.

"शिगवनांचा मान शिगवनांना," ते म्हणाले. "पयला घास तुमचा. चला बायांनो, मासं वाट बगत्यात." आणि तसेच पुढे निघाले.

आयेने नव्या तांदळाचा भात करून पितळेच्या डब्यात भरून ठेवला होता. मी न्हाऊन, बाबांसारखा कोरा पंचा खांद्यावर टाकून तयार होते. मी डबा उचलायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," आये म्हणाली.

"का गं?"

तिने डबा स्वतःकडे ओढून घेतला आणि पदराखाली धरला.

"तुज्या बापसानं बगितलं व्हतं त्या दिशी," ती म्हणाली.

"काय बघितलं होतं?"

"तुला. माशांना घास घेऊन ग्येलं व्हतं दुपारचं. करंजाच्या बुडाशी हुबं व्हतं. तू बाटल्या वतत व्हतीस."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"घरी आलं ते मला म्हनालं, पोरीला इचारू नको. ती लेकरू हाय, तिच्या अंगाव येईल. माज्या अंगाव आलं तर येऊ दे. म्हनून ते पान्यात हुबं ऱ्हाऊन बोललं न्हाईत. खोटं बोलायचं न्हाय आन तुजं नाव घ्यायाचं न्हाय, मंग बोलनार काय?"

"आये, मला कोणी सांगितलं का नाही?"

"मी वाट बगत व्हते," ती म्हणाली. "लोट्यास्नं ते यायाचं तवा दर टायमाला इचारायचं, दर्शी काय बोलली का? मी म्हनायचे, न्हाय. त्येंला तेवढं आयकायचं व्हतं, तुज्या तोंडून. कोंडावर न्हवं, हितं, घरात. तीन वर्सं इचारलं त्येंनी. मी पुढं पाच वर्सं बगत ऱ्हायले. तू बोललीस ती त्या डाक्टराला बुडवायला."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"त्येंनी आपलं नाव घालवलं, तुजं ऱ्हावं म्हनून," ती म्हणाली. "काल तू त्येंचं नाव आनलंस, आन त्येंनी जे केलं व्हतं ते समदं पान्यात घातलंस. त्येंचा घास मी घालते. तू नको यीऊ."

तिने माझ्या खांद्यावरचा पंचा काढून घेतला, स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि अनवाणी नदीच्या वाटेला लागली. मी अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने खालून दोन टाळ्या ऐकू आल्या.